पालथे भोंगे

१

वायरमन दारात आला तेव्हा माझं मौन सुटायचं होतं. पहाटे देवापुढे दिवा लावला की सकाळची आरोग्यवार्ता संपेपर्यंत मी बोलत नाही. हा माझा रोजचा नेम, आणि मी जिथे नर्स आहे त्या आरोग्य केंद्रातल्या सगळ्यांना तो एव्हाना पाठ झालाय. म्हणून त्याने काही विचारलं नाही, उंबऱ्यात उभा राहून सांगतच सुटला.

"ताई, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. ओढ्याकडच्या वस्तीतला भोंगा कुणीतरी खाली काढलाय. माळावरचा काढलाय. खाणीजवळचाही. चोरले नाहीत, फोडले नाहीत. काढून ठेवलेत."

मी हातानेच विचारलं, कुठे?

"खांबाच्या पायथ्याशी. तोंड जमिनीकडे. वरून पांढरं फडकं पांघरलंय, जसं काही..." त्याने खांद्यावरची शिडी सावरली. "जाऊ दे. स्क्रूसुद्धा पानात गुंडाळून बाजूला ठेवलेत. मी स्वतः कधी इतके नीट ठेवत नाही."

माझी खोली लाकडाच्या वखारीला लागून आहे. वखारीचाही एक भोंगा आहे, तो मात्र जागेवर होता. त्याचं बटण राखणदार काकांच्या हातात. ते आधी फाटक उघडतात, कुत्र्याला खायला घालतात, मग सावकाश बटण दाबतात. त्यामुळे आमच्याकडे वार्ता रोज अर्ध्या वाक्यात सुरू होते. "...पाणी उकळून प्या", नाहीतर "...आणि ज्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या शेजारणीला वाटल्या त्यांनी त्या परत मागून घ्याव्यात". या वस्त्यांमधल्या मूळच्या लोकांसाठी, त्यांच्याच भाषेत, केंद्रातल्या माईकवरून बातमीवाली रोज सांगते ती ही वार्ता. कोणाला तपासणीला यायचंय, कुठलं पाणी वाईट आहे, डोळ्यांचे डॉक्टर कधी येणार, सगळं त्यातूनच कळतं. इथे फोन लागत नाही.

आम्ही दोघं कान देऊन थांबलो. काकांनी बटण दाबलं. भोंग्यातून नुसती खरखर आली. आज अर्धं वाक्यही नव्हतं.

वार्ता झालीच नाही, तर ती संपणार कधी? मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

"बातमीवाली कुठे आहे?"

वायरमनने माझ्याकडे बघितलं नाही. "तेच सांगायला आलो होतो. ती घरी नाही, ताई. तिचं बाळही नाही."

२

केंद्रात मागच्या खोलीत ओढ्याकडची एक लहान मुलगी होती. गोवर. डोळे लाल, अंग तापलेलं, आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तिची आई पदराच्या टोकाने तिला वारा घालत होती. मी कपाळावर हात ठेवला. कालच्यापेक्षा जास्त कढत होतं.

"पाणी पितेय का गं?"

"घोट घोट," आई म्हणाली. आणि मग अगदी हळू, "ताई, हिला बाहेरच्या खोलीत नका नेऊ."

"का?"

ती पुन्हा वारा घालायला लागली.

डॉक्टर औषधांच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, मनाने साफ, आणि इथे येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. नोकरीत मी जुनी असले तरी या वस्त्यांत मीही नवीच म्हणायची.

"उद्या सकाळी लसीचा डबा येतोय, ताई. गोवराची लस. बाटली एकदा उघडली की काही तासांत वापरावी लागते, उरली की फेकायची. पुढची फेरी कधी मिळेल सांगता येत नाही. आणि लोकांना बोलवायचं कसं? भोंगे नाहीत, बोलणारी नाही."

"घरोघर जाऊ."

"काल संध्याकाळी गेलो होतो ना. दार उघडत नाहीत. एकाने तर माझ्या तोंडावर दार लावलं, आणि त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलंय." ते खुर्चीत बसले. "काल सकाळी मी इतक्या हौसेने वार्ता सजवून पाठवली. म्हटलं लस येतेय, लोक खुशीने यावेत. आणि आज हे. हे त्या सिरपवाल्याचं काम आहे. फुकट लस आली की त्याच्या बाटल्या कोण घेणार? दुपारपर्यंत काही कळलं नाही, तर मी पोलिसांत तक्रार देतो. बातमीवाली बेपत्ता आहे, त्यांना यावंच लागेल."

पोलीस आले असते, तर वस्त्यांमधलं उरलंसुरलं एखादं उघडं दारही बंद झालं असतं. मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांबा. मी चक्कर मारून येते."

बाहेर पडताना मागच्या खोलीतून त्या मुलीचा खोकला ऐकू आला. कोरडा, न संपणारा. रस्त्याच्या वळणापर्यंत तो माझ्या कानात होता.

३

सिरपवाला दुकानाच्या फळीवर बसून माश्या मारत होता.

"या ताई. डॉक्टरांनी माझं नाव घेतलंच असेल."

"घेतलं."

"मग घेऊ दे. अहो, मला भोंगा पाडायचा असता तर दगड मारला असता. स्क्रू काढायचा म्हणजे मला आधी चष्मा शोधावा लागतो, आणि चष्मा शोधायला बायको. ती माहेरी गेलीय."

"तुमचं नुकसान होतं ना लसीने?"

"होतं की. खोटं कशाला बोलू? पण इथे बसून बघा जरा. कालपासून गिऱ्हाईक नाही. खोकल्याचं औषध नको, ताकदीचं नको, साधी लिमलेटची गोळी मागायला एक पोर आलं नाही. भोंगे मी पाडले असते, तर ही गर्दी माझ्याकडे नसती का झाली?"

मी रस्त्याकडे बघितलं. तो म्हणत होता ते खरं होतं. रस्त्यावर कोंबड्या होत्या, शेळ्या होत्या, पाणी आणणाऱ्या बायका होत्या. मूल एकही नव्हतं.

"कालपासून म्हणजे काल कधीपासून?"

त्याने मान खाजवली. "सकाळी तुमची वार्ता झाली ना, तेव्हा पोरं इथे गोट्या खेळत होती. वार्ता सुरू झाली आणि आया धावत आल्या. उचललं न् नेलं. मी म्हटलं, साप निघाला की काय."

"वार्तेत काय होतं?"

"मला काय ठाऊक? त्यांच्या भाषेत असते. मला त्यात फक्त 'सिरप घेऊ नका' एवढंच कळतं."

वायरमन मला ओढ्याच्या पुलावर भेटला. शिडी खांद्यावर तशीच होती. भोंगे परत चढवू का, असं विचारलं तर तिन्ही वस्त्यांत लोकांनी खांबाला पाठ लावून उभं राहणं पसंत केलं होतं.

"शिवी नाही, भांडण नाही," तो म्हणाला. "नुसते उभे राहतात. विचारलं कोणी काढला, की पायाकडे बघतात. मी बाहेरगावचा, मला वाटलं माझ्या चपला तुटल्यात की काय."

"एकट्या माणसाला जमेल का रे, एका संध्याकाळी तिन्ही?"

"मला जमणार नाही. मध्ये ओढा, टेकडी, खाण. काल वार्तेनंतर मी खाणीजवळ होतो, भोंगा जागेवर होता. अंधार पडायच्या आत माळावरचाही निघालेला होता. पळत सुटला तरी हे एका माणसाचं काम नाही, ताई."

"मग?"

"मग प्रत्येक वस्तीने आपापला काढला. पण तिघांनीही फडकं तसंच घातलंय, तोंड तसंच जमिनीकडे केलंय. जसं कोणी शिकवलंय."

किंवा जसं कोणाला शिकवावं लागत नाही, असं माझ्या मनात आलं. पांढरं फडकं कशावर पांघरतात ते मला माहीत होतं.

४

ओढ्याकडच्या वस्तीत दारं लोटलेली होती. फटींमधून लहान लहान डोळे बघत होते आणि मी जवळ गेले की मागे ओढले जात होते. एकच दार उघडं होतं, दाई आजीचं. या वस्त्यांमधली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. मागच्या लसीच्या वेळी हट्टी बापांना तीच हात धरून घेऊन आली होती.

ती दोर वळत बसली होती. मला बघून तिने पाय आखडून जागा केली.

"पोरगी कशी आहे?"

"श्वास जड आहे, आजी. अशा आणखी किती घरांत निघतील सांगता येत नाही. उद्या लस येतेय."

"ठाऊक आहे."

"तुमची नातवंडं आणाल ना?"

तिचा हात थांबला. मागच्या वेळी तिने माझं वाक्य संपायच्या आत दोघांना पुढे ढकललं होतं.

"भोंगा कोणी काढला, आजी?"

"हातांनी."

"कोणाच्या?"

"तू कोणाकोणाचे हात बघत फिरणार? माझे बघ." तिने तळवे पुढे केले. बोटांच्या पेरांवर गंजाचे डाग होते. "आता दे माझं नाव तुझ्या डॉक्टरला."

मी तिचे हात हातात घेतले. "मला नाव नकोय. का, ते सांगा."

"ते सांगता येत नाही."

"माझ्यावर राग आहे?"

"तुझ्यावर कशाला? तुम्ही दोघं चांगली माणसं आहात, म्हणून तर भीती वाटते." तिने वखारीच्या दिशेने हनुवटी उडवली. "तुझ्याकडचा तो भोंगा कोणी काढला नाही, बघितलंस? तो आळशी आहे. उशिरा उठतो. त्याच्या तोंडून काही वाईट गेलं नाही."

"काय वाईट गेलं?"

आजीने दोर पुन्हा उचलला. पीळ देत ती म्हणाली, "सांगायचं तर नाव घ्यावं लागतं. आणि ते नाव घ्यायची वेळ अजून आलेली नाही."

५

परत येताना मी पळत नव्हते, पण चालतही नव्हते.

वखारीचा भोंगा उशिरा सुरू होतो म्हणून त्याच्यावर कोणाचा राग नाही. म्हणजे राग उशिरा सुरू होण्यात जे हुकतं त्यावर. हुकतं काय? वार्तेची सुरुवात. मी वखारीशेजारी राहते, म्हणून काल ती मीही ऐकली नव्हती. मी ऐकली ती फक्त बातमीवाली, मधूनच, कापऱ्या आवाजात लसीचं सांगताना. मला वाटलं होतं तिला सर्दी झालीय.

आणि आयांनी मुलांना उचललं ते वार्ता सुरू झाल्याबरोबर.

माईकच्या खोलीत डॉक्टर अर्ज लिहायला बसले होते.

"काल तुम्ही वार्ता सजवली म्हणालात. म्हणजे काय केलंत?"

त्यांचा चेहरा थोडा उजळला. "जुना आवाज लावला. आपल्या आधीच्या निवेदक मामांचा. मला ते भेटलेही नाहीत, पण मागच्या लसीच्या वेळचा त्यांचा आवाज या मशीनमध्ये सापडला. काय गोड आवाज, ताई. म्हटलं, त्यांची आठवणही राहील आणि लोक ऐकतीलही."

मामा गेल्या थंडीत वारले. बातमीवाली ही त्यांची मुलगी. बापाच्या जागी ती बोलायला बसली, तेव्हापासून वस्तीत कोणी मामांचं नाव घेताना मी ऐकलं नव्हतं. 'तो, जो बोलायचा' असं म्हणत. गेलेल्याचं नाव वर्षभर घेत नाहीत, एवढं मला माहीत होतं. दुःखामुळे असेल, असं मी धरून चालले होते. दुःखाच्या पलीकडे काही असेल, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"लावा बघू. भोंग्याची तार काढून, फक्त इथल्या इथे."

त्यांनी बटण दाबलं. तो भरदार, मायाळू आवाज खोलीत पसरला. त्यांची भाषा मला कामापुरती कळते, आणि हे शब्द सोपे होते.

"या. लेकरांना घेऊन या. एकालाही मागे ठेवू नका. मी वाट बघतोय."

मी खाली बसले.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "किती सुंदर आहे ना?"

"डॉक्टर, हा माणूस मेलाय."

"हो, म्हणूनच तर..." आणि मग त्यांना ऐकू आलं. मशीन अजून चालू होतं. मामा पुन्हा म्हणत होते, या, लेकरांना घेऊन या. डॉक्टरांनी घाईने बटण बंद केलं. त्यांचा हात तसाच बटणावर राहिला.

"गोवराची साथ," मी म्हटलं. "आधीच पोरं तापलेली. आणि सकाळी सकाळी तिन्ही वस्त्यांच्या डोक्यावरून गेलेला माणूस हाक मारतो, लेकरं घेऊन या म्हणून. तुम्ही आई असता तर काय केलं असतं?"

"मुलांना लपवलं असतं," ते अगदी हळू म्हणाले. "आणि त्याचं तोंड झाकलं असतं."

त्यांनी अर्जाचा कागद चुरगळून खिशात घातला. "पण बातमीवाली? ती तर इथेच बसली होती, माझ्या शेजारी. वार्ता पूर्ण वाचून गेली. कुठे गेली असेल ती?"

ते मला आत्ताच समजलं होतं. बाळाला घेऊन ती अशाच जागी जाणार, जिथे ती हाक पोचलीच नव्हती. आणि तशी जागा एकच होती.

६

राखणदार काकांनी आम्हाला अडवलं नाही. "सकाळपासून काही खाल्लं नाही तिने," एवढंच म्हणाले. त्यांच्या कुत्र्यानेसुद्धा भुंकायचं टाळलं.

सागाच्या फळ्यांच्या थप्पीमागे ती बसली होती. मांडीवर बाळ, दोन नवे दात दाखवत लाकडाचा कपचा चघळत होतं. माझ्या खोलीच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, आणि मी दिवसभर भलतीकडे फिरत होते.

"मला कामावरून काढा," ती म्हणाली. "मी बोलणार नाही आता."

मी तिच्याशेजारी टेकले. डॉक्टर उभे होते. मग तेही खाली, भुशात बसले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. पण विचारायला तू शेजारीच होतीस, आणि मी विचारलं नाही."

तिने मान वर केली नाही. "वर्षभर त्याला वाट सापडायची असते. आपण हाक मारायची नाही, नाहीतर तो मागे वळतो. आणि त्याने हाक मारली तर..." तिने बाळाला जवळ ओढलं. "माझ्या कानाशी बोलला तो. याला मागत होता. आणि मी वाचत राहिले, कारण कागद हातात होता. घरी गेले तर आई म्हणाली, तूच त्याला बसवलंस का तिथे?"

"तो तुझ्या बाबांचा आवाज होता, बाई, हाक नव्हती. ती जुनी, मागच्या लसीची. तेव्हा त्यांनी खरंच सगळ्यांची वाट बघितली होती, दिवसभर, त्या पायरीवर बसून."

"मला कळतं ते," ती म्हणाली. "माळावरच्या बाईला कोण सांगणार?"

"तू सांगितलंस तर?"

"त्याची हाक मीच मोडू शकते. माझंच रक्त. पण मोडली असं त्यांना पटायला पाहिजे." बाळाने कपचा फेकला, तिने तो उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. "आधी तो आवाज तिथून काढा."

"पुसून टाकतो आत्ता," डॉक्टर म्हणाले.

"नको." ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होती. "पुसू नका. दुसरा कुठे नाहीये तो. वर्ष सरलं की ऐकू."

डॉक्टर केंद्रात गेले आणि मशीनमधलं नखाएवढं कार्ड घेऊन आले. तिने पदराची चिंधी फाडली, पांढऱ्या बाजूने ते गुंडाळलं आणि कनवटीला लावलं. मग बाळाला काखेत मारून उठली. आधी आईकडे, मग दाई आजीकडे.

संध्याकाळी वायरमन शिडी घेऊन आला तो घामाघूम. "चढवू दिले. पण तिन्ही खांबांखाली माणूस बसलाय, तार हातात धरून. म्हणतात, तो बोलला तर ओढून काढू."

मागच्या खोलीतल्या मुलीचा ताप उतरला नव्हता.

७

सकाळी डबा आला. बर्फात खोचलेल्या बाटल्या. मी दिवा लावून मौनातच केंद्रात आले होते. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

बातमीवाली माईकसमोर बसली. आधी काही लावलं नाही, ना आवाज, ना सूर. नुसती शांतता गेली भोंग्यांतून. तेवढ्या वेळात तिन्ही वस्त्या तार घट्ट धरून बसल्या असणार.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "मी. परवा जे ऐकलंत ते त्याचं आजचं बोलणं नव्हतं, मागचं होतं. ते मी उचलून ठेवलंय. तुम्हाला बोलवणारी मी आहे, आणि मी जिवंत आहे." मग तिने रोजच्यासारखी वार्ता सांगितली. गोवर कसा ओळखायचा, ताप आलेल्याला वेगळं कसं ठेवायचं, लस कोणाला.

कोणी आलं नाही.

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि परत ठेवली. उघडली आणि कोणी आलंच नाही, तर ती वाया. ते माझ्याकडे बघत होते. मी बोलू शकत नव्हते, आणि बोलले असते तरी काय बोलणार होते? मागच्या खोलीतून खोकला येत होता.

बातमीवाली उठली, टेबलाजवळ आली आणि बाळाची बाही वर केली.

"उघडा," ती म्हणाली.

मी सुई भरली. बाळ माझ्याकडे बघून दोन दातांनी हसलं. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि सुई टोचली.

क्षणभर काहीच नाही. मग त्याने असा काही टाहो फोडला की खिडकीवरचं कबूतर उडालं. रागाने लाल, मुठी वळून, श्वास खाऊन पुन्हा. आई त्याला झोके देत म्हणत होती, "झालं रे, झालं माझ्या वाघा, मार त्या ताईला," आणि स्वतःही रडत होती, हसत होती.

वायरमन दारातून खुणा करत होता. माईककडे बोट दाखवत होता. त्याचा लाल दिवा चालूच होता.

तो बंद करायला डॉक्टर पुढे झाले. मी त्यांचा हात धरला.

बाळ रडत राहिलं. वखारीवर, खाणीजवळ, माळावर, ओढ्याकाठी रडत राहिलं. बऱ्याच वेळाने फाटकाचा आवाज आला. दाई आजी होती, दोन हातांत दोन नातवंडं. मागे बातमीवालीची आई. त्यांच्या मागे रस्त्याच्या वळणापर्यंत बायका, आणि प्रत्येकीच्या काखेत एक.

"रडतोय म्हणजे इथलाच आहे," आजी म्हणाली आणि थोरल्या नातवाला पुढे ढकललं.

माईक कोणी बंद केला नाही. वार्ता चालू होती, म्हणून मीही तोंड उघडलं नाही. एकेक दंड हातात घेत होते, एकेक रडणं भोंग्यांतून जात होतं, आणि त्या रडण्याच्या मागोमाग आणखी माणसं येत होती. दुपार कलली तेव्हा मागच्या खोलीतल्या मुलीच्या आईने दारातून डोकं बाहेर काढलं आणि हातानेच मला सांगितलं, ती स्वतःहून पाणी मागून प्यायलीय.

त्या दिवशी माझं मौन शेवटची बाटली संपेपर्यंत सुटलं नाही.